ताण कोणता, दाब कशाचा?

शब्दांनी माणसाला शहाणे करावे अशी आपली अपेक्षा असते. पण पुष्कळदा शब्दच माणसाची दिशाभूल करतात. वैद्यकातला ‘हायपरटेन्शन’ हा असाच एक शब्द. डॉक्टरांच्या तोंडून तो पूर्ण निघतो, पण रुग्णाच्या कानात शिरेपर्यंत त्याचे नुसते ‘टेन्शन’ झालेले असते. घरी येऊन तो सांगतो, “बी. पी. निघालंय, टेन्शन घ्यायचं नाही म्हणे.” घरातली मंडळीही तेवढेच धरून बसतात. पुढे धाकट्याला नोकरी लागते, थोरलीचे लग्न ठरते, सोसायटीचे कर्ज फिटते. आणि ‘आता कसलं आलंय टेन्शन?’ असे म्हणून गोळी बंद होते. दाब मात्र होता तिथेच असतो. पक्षाघाताचा झटका येतो तेव्हा तो अचानक आला असे सर्वांना वाटते. वस्तुतः तो अनेक वर्षे वाटेवर होता.

मूळ शब्दातील ‘टेन्शन’चा अर्थ काळजी असा नाही. धमनीच्या भिंतीला रक्ताच्या रेट्यामुळे बसणारी ओढ, तिचे ताणले जाणे, एवढाच त्याचा अर्थ. पण मराठीत आपण या ओढीलाही ताण म्हणतो आणि मनावरच्या ओझ्यालाही ताणच म्हणतो. कन्नड विभागातील आमच्या मित्रांची अवस्था याहून बरी नाही. कन्नडमध्ये दाब म्हणजे ‘ओत्तड’, रक्तदाब म्हणजे ‘रक्तदोत्तड’ आणि मनावरचा ताण म्हणजेही ‘मानसिक ओत्तड’च! दोन भाषा बोलणारा आपला हा प्रदेश या बाबतीत दोन्ही भाषांच्या वाटांनी जाऊन एकाच खड्ड्यात पडतो. त्यात अलीकडे तिसऱ्या ताणाची भर पडली आहे. शरीरातील पेशींवर पडणारा ‘ऑक्सिडीभवनाचा ताण’ हा तो तिसरा. औषधांच्या दुकानांतील डब्यांवर, वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत आणि हातातल्या मोबाइलवर या ताणाचे नाव घेऊन काही ना काही विकले जात असते.

या तिन्ही ताणांचा एकमेकांशी संबंध आहे. पण लोक समजतात तसा नाही. वाढलेल्या रक्तदाबात मेंदूचा हात असतो, म्हणून ‘काळजी करू नका’ हे त्यावरचे औषध ठरत नाही. मेंदूतील त्या घडामोडीत ऑक्सिडीभवनाचा वाटा आहे, म्हणून ऑक्सिडीभवनविरोधी गोळ्यांची बाटली हेही औषध ठरत नाही. हे जरा तपशिलाने सांगण्याचा हा प्रयत्न आहे. शास्त्र शाखेच्या विद्यार्थ्यांना यातील काही भाग परिचित असेल. कला आणि वाणिज्य शाखेच्या मित्रांनीही तो वाचावा, कारण रक्तदाब शाखा पाहून येत नाही.

प्रथम रक्ताचा दाब म्हणजे काय ते पाहू. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने एका घोडीच्या धमनीला काचेची उभी नळी जोडली, तेव्हा रक्त त्या नळीत आठ फुटांहून अधिक उंच चढले. १७३३ साली त्याने हे प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. माणसाच्या धमनीत नळी खुपसणे परवडणारे नव्हते, म्हणून पुढे दीडशेहून अधिक वर्षे दाब हा प्रयोगशाळेचाच विषय राहिला. १८९६ साली इटलीच्या रिव्हा-रोची यांनी दंडाला गुंडाळण्याचा हवेचा पट्टा काढला, आणि १९०५ साली रशियन शल्यचिकित्सक कोरोत्कॉफ यांनी त्या पट्ट्याखाली स्टेथॉस्कोप लावून आवाज ऐकण्याची युक्ती सांगितली. डॉक्टर आपल्या दंडाला पट्टा बांधून वरचा आणि खालचा असे दोन आकडे सांगतात, ते या दोघांच्या पुण्याईने. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा दाब वरचा आणि ते सैल पडते तेव्हाचा खालचा. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा अधिक, अथवा खालचा ९० किंवा अधिक येत राहिला, तर दाब वाढला आहे असे सामान्यतः मानतात.

आता प्रश्न असा, की हा दाब ठरवतो कोण? हृदय पंपाचे काम करते आणि रक्तवाहिन्या नळांचे, हे आपण शाळेत शिकलो. पण कुठल्याही पाणीपुरवठ्यात पंप आणि नळ यांखेरीज तोटी पिळणारा माणूस असतो. शरीरातला हा माणूस मेंदूच्या तळाशी बसलेला आहे. फ्रान्सच्या क्लॉद बर्नार यांनी १८५२ च्या सुमारास सशाच्या मानेतील एक मज्जातंतू कापला, तेव्हा त्या बाजूचा कान लाल आणि गरम झाला. मज्जातंतू रक्तवाहिन्यांना सतत आवळून धरीत असतात हे त्यातून उमगू लागले. पुढे लाइपझिग येथे कार्ल लुडविग यांच्या प्रयोगशाळेत या आवळण्याचा उगम मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत, असल्याचे दाखवण्यात आले. लंबमज्जेच्या पुढील बाजूस मज्जापेशींचा एक लहानसा समूह आहे. तो अहोरात्र अनुकंपी मज्जातंतूंमार्फत हृदयाला, रक्तवाहिन्यांना आणि मूत्रपिंडांना संदेश धाडीत असतो. संदेश वाढले की वाहिन्या आवळतात, हृदय जोर करते, मूत्रपिंडे मीठ आणि पाणी राखून ठेवतात. आणि दाब चढतो.

या व्यवस्थेला लगामही आहे. मानेतील मोठ्या धमनीच्या फाट्यावर आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोके असतात. दाब वाढला की ती मेंदूला कळवतात आणि मेंदू संदेश कमी करतो. आपण खाटेवरून झटकन उठतो तरी सहसा चक्कर येऊन पडत नाही, ते या लगामामुळे. मग इतका चांगला लगाम असताना दाब वर्षानुवर्षे वाढलेला राहतोच कसा? याचे उत्तर १९५६ साली अमेरिकेतील अर्विन पेज आणि त्यांचे सहकारी यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दिले. दाब दीर्घकाळ चढा राहिला की ही टोके त्या चढ्या दाबालाच सरावतात. तराजूचा काटाच सरकला, तर सव्वा शेर मालही शेरभरच दिसायचा, त्यातली ही गत. शरीर वाढलेला दाब उतरवायचा सोडून तोच योग्य म्हणून सांभाळू लागते. डोके दुखत नाही, घेरी येत नाही, कामात अडचण पडत नाही. कारण शरीराने तक्रार करणेच सोडून दिलेले असते.

येथे पहिली गल्लत स्पष्ट होते. परीक्षेच्या दिवशी, भांडणाच्या वेळी, तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक समोर बसले असताना कोणाचाही दाब वाढतो. काही जणांचा तो डॉक्टरांचा पांढरा डगला पाहूनही वाढतो. पण प्रसंग टळला की तो बहुधा उतरतो. दीर्घकाळचे मानसिक ओझे शरीराला हितकर नाही हे खरेच आहे, आणि मन शांत ठेवण्याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. पण आपण ज्याला रोग म्हणतो त्या कायम वाढलेल्या दाबाच्या मुळाशी मेंदूचा जो भाग आहे, तो विचार करणारा, काळजी वाहणारा मेंदू नव्हे. लंबमज्जेला मुलीचे लग्न ठरल्याचे कळत नाही. अत्यंत समाधानी, हसतमुख माणसाचा दाब १७० असू शकतो आणि सदा चिंतेत असणाऱ्याचा १२० असू शकतो. चेहरा पाहून दाब सांगणारा अजून जन्माला यायचा आहे.

मज्जासंस्थेला हात घातला की दाब उतरतो, हे भारतीयांना तरी नवे वाटू नये. आपल्या सह्याद्रीच्या जंगलांतही आढळणारी सर्पगंधा ही वनस्पती वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. १९३१ साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी ती वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर उपयोगी पडते असे लिहिले. १९४९ साली मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरील आपले अनुभव ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेली, वाहिन्या आवळणारी रसायने ते रिकामी करते, म्हणून दाब उतरतो. पण तीच रसायने मनाच्या उभारीलाही लागतात; त्यामुळे काही रुग्णांना खिन्नतेने घेरले, आणि पुढे अधिक सोयीची औषधे आल्यावर रेसर्पिन मागे पडले. या इतिहासात दोन धडे आहेत. दाबाची एक दोरी मज्जासंस्थेच्या हातात आहे, हा पहिला. आणि दोरी कुठे आहे हे कळले म्हणून ती कशीही ओढून चालत नाही, हा दुसरा.

दाबाच्या कथेतील दुसरे मोठे पात्र म्हणजे अँजिओटेन्सिन. मूत्रपिंडातून रेनिन नावाचे एंझाइम रक्तात उतरते आणि त्याच्यामुळे रक्तातच हे द्रव्य तयार होते. १९४० च्या सुमारास अर्जेंटिनातील ब्राऊन-मेनेन्देस आणि अमेरिकेतील पेज यांच्या गटांनी ते स्वतंत्रपणे शोधून काढले. ते रक्तवाहिन्यांना थेट आवळते, एवढेच आधी समजले होते. १९६१ साली बिकर्टन आणि बकली यांनी एक विलक्षण प्रयोग केला. एका कुत्र्याच्या डोक्याला दुसऱ्या कुत्र्याचे रक्त पुरवले. पहिल्याचे डोके आणि धड यांच्यामधला मज्जासंस्थेचा संबंध मात्र तसाच राखला. मग दुसऱ्या कुत्र्याला अँजिओटेन्सिन टोचले, तर पहिल्याच्या धडातील दाब वाढला! ते द्रव्य त्या धडापर्यंत पोहोचलेच नव्हते, फक्त डोक्यापर्यंत पोहोचले होते. म्हणजे मूत्रपिंडांपासून सुरू झालेला निरोप मेंदूमार्फतही दाब वाढवतो.

रक्तातील सरसकट द्रव्ये मेंदूत शिरू नयेत म्हणून निसर्गाने तेथे कडक पहारा ठेवला आहे. पण या तटाला काही खिडक्या आहेत. मेंदूतील पोकळ्यांच्या कडेला अशी काही इवलीशी केंद्रे आहेत, की जेथे पहारा ढिला असतो, जणू रक्ताची चव पाहण्यासाठीच. त्यांतील एका केंद्रावर अँजिओटेन्सिन काम करते. तहान लागते तीही या केंद्राच्या सांगण्यावरून, आणि दाब वाढवण्याचा निरोप खाली लंबमज्जेपर्यंत जातो त्याची एक वाट येथूनच निघते.

आता तिसऱ्या ताणाकडे वळू. ऑक्सिजनवाचून आपण जगत नाही. पण त्याच ऑक्सिजनला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटला की सुपरऑक्साइड नावाचा उतावळा कण तयार होतो. अशा कणांना मुक्त मूलक म्हणतात. समोर येईल त्याच्याशी अभिक्रिया करण्याची त्यांना घाई असते. शरीराकडे त्यांचा बंदोबस्त करणारी एंझाइमे आहेत. त्यांतील सुपरऑक्साइड डिसम्युटेज या एंझाइमाचे काम अमेरिकेतील मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ साली दाखवून दिले. मुक्त मूलकांची निर्मिती आणि त्यांचा बंदोबस्त यांचे गणित बिघडले, निर्मिती वरचढ झाली, की त्या स्थितीला ऑक्सिडीभवनाचा ताण म्हणतात. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के, पण ऑक्सिजन खातो सुमारे वीस टक्के. त्यात तो स्निग्ध पदार्थांनी भरलेला. तेव्हा हा ताण तेथे जाणवावा यात नवल नाही. मात्र मुक्त मूलक म्हणजे केवळ विष, असे समजणे चूक आहे. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी हेच कण मुद्दाम तयार करतात, आणि इतर अनेक पेशी निरोप पोहोचवण्यासाठी त्यांचा वापर करतात. चुलीतला विस्तव आणि घराला लागलेली आग यांत जो फरक, तोच येथे आहे.

या दोन कथा एकत्र आल्या त्या गेल्या शतकाच्या अखेरीस. १९९४ साली अमेरिकेतील अटलांटा येथे कॅथी ग्रीन्डलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की अँजिओटेन्सिन रक्तवाहिनीच्या स्नायुपेशींत सुपरऑक्साइड तयार करणाऱ्या एंझाइमाला जागे करते. मग मेंदूतही तसेच होत असेल काय? २००२ साली आयोवा विद्यापीठातील रॉबिन डेव्हिसन यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूच्या पोकळीत सुपरऑक्साइडचा बंदोबस्त करणाऱ्या एंझाइमाचे जनुक पोहोचवले. त्यानंतर मेंदूत अँजिओटेन्सिन टोचले तरी दाब पूर्वीसारखा चढेना, आणि तहानही लागेना. २००४ साली त्यांनीच अधिक वास्तव प्रयोग केला. अँजिओटेन्सिनची अगदी थोडी मात्रा रोज त्वचेखाली सोडली, म्हणजे दाब हळूहळू, दिवसांमागून दिवस वाढत जातो. तेव्हा मेंदूच्या वर सांगितलेल्या खिडकीपाशी सुपरऑक्साइड वाढलेला आढळला. आणि तेथे ते जनुक पोहोचवलेल्या उंदरांत दाबाची ही वाढ रोखली गेली. त्याच वर्षी जपानमध्ये फुकुओका येथील क्यूशू विद्यापीठात किशी, हिरोओका आणि सहकाऱ्यांनी जन्मतःच दाब वाढण्याची आणि पक्षाघाताची प्रवृत्ती असलेल्या उंदरांच्या जातीत खुद्द लंबमज्जेतील त्या केंद्रात ऑक्सिडीभवनाचा ताण वाढलेला दाखवला. तेथे तो कमी करताच दाबही उतरला.

हे घडते कसे, तेही थोडे सांगायला हवे. मज्जापेशींना शांत राखण्याचे काम मेंदूच्या या भागात नायट्रिक ऑक्साइड करीत असते. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या याच वायूच्या शोधाबद्दल १९९८ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले होते. सुपरऑक्साइड भेटला की तो या वायूला गिळून टाकतो. शिवाय पेशींच्या विद्युत वर्तनातही तो ढवळाढवळ करतो. परिणामी मज्जापेशी अधिक उत्तेजित होतात, अनुकंपी संदेश वाढतात, वाहिन्या आवळतात, मूत्रपिंडे पुन्हा रेनिन सोडतात, अँजिओटेन्सिन पुन्हा मेंदूकडे जाते. रहाटगाडग्यासारखे हे चक्र फिरत राहते.

हे सगळे वाचून कोणीही म्हणेल, की मग उपाय सोपा आहे! ऑक्सिडीभवनाला विरोध करणारी जीवनसत्त्वे घ्या, मेंदू शांत, दाब खाली. बाजार नेमके हेच म्हणतो. त्याला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि तो केवळ तर्काच्या आधारे नाही. माणसांवर हे करून पाहिलेले आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ या चाचणीत साडेनऊ हजारांवर लोकांपैकी निम्म्यांना ई जीवनसत्त्व सुमारे साडेचार वर्षे दिले. हृदयविकार, पक्षाघात, मृत्यू यांत काही फायदा झाला नाही. २००२ साली ब्रिटनमधील वीस हजारांवर लोकांच्या चाचणीत ई जीवनसत्त्व, सी जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन पाच वर्षे दिले, निष्कर्ष तोच. २००८ साली अमेरिकेतील चौदा हजारांवर डॉक्टरांनी स्वतःच अशा चाचणीत भाग घेतला होता, तिचाही निकाल वेगळा लागला नाही. डॉक्टरांनाही जी गोळी लागू पडली नाही, ती आपण तीनशे रुपयांना का घ्यावी?

असे का व्हावे? एक तर उंदराच्या मेंदूत नेमक्या ठिकाणी जनुक पोहोचवणे आणि माणसाने गोळी गिळणे यांत अंतर आहे. त्या इवल्या केंद्रापर्यंत किती जीवनसत्त्व पोहोचेल? दुसरे म्हणजे, सुपरऑक्साइडची नायट्रिक ऑक्साइडशी जी अभिक्रिया होते, ती सी जीवनसत्त्वाशी होणाऱ्या अभिक्रियेपेक्षा हजारो पटींनी वेगवान आहे. बंब येईपर्यंत गंजी जळून गेलेली असते. तिसरे म्हणजे, चुलीतला विस्तवही आपल्याला हवाच आहे. आणि चौथे, वाढलेला दाबसुद्धा स्वतः ऑक्सिडीभवनाचा ताण निर्माण करतो. तेव्हा माणसात कारण कोणते आणि परिणाम कोणता, याचा निवाडा उंदरांवरून पुरता होत नाही. संशोधन चालू राहिले पाहिजे, त्यातून उद्या एखादे नेमके औषध निघेलही. पण यंत्रणा कळणे वेगळे आणि इलाज सापडणे वेगळे. या दोहोंमधले अंतर झाकून टाकणारी जाहिरात शास्त्राचे नाव घेत असली, तरी ती शास्त्र नव्हे.

मग या संशोधनाचा सामान्य माणसाला काहीच उपयोग नाही काय? आहे, आणि तो आपल्या स्वयंपाकघरात आहे. २००७ साली टोकियो विद्यापीठातील संशोधकांनी मिठाने दाब वाढणाऱ्या उंदरांत दाखवले, की जास्त मीठ दिल्यावर त्यांच्या मेंदूत ऑक्सिडीभवनाचा ताण वाढतो आणि त्यामार्फत अनुकंपी संदेश वाढतात. मीठ म्हणजे केवळ अंगात पाणी धरून ठेवणारी वस्तू, असे आपण समजत होतो. ते मेंदूशीही बोलते असे दिसते. हेही उंदरांवरचे काम आहे हे खरे. पण मीठ कमी केल्याने माणसाचा दाब उतरतो हे मात्र माणसांवरच, अनेकदा, सिद्ध झालेले आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे असे सांगते, म्हणजे चहाचा एक चमचाही पुरता भरायचा नाही. आपल्या ताटात डावीकडे लोणचे, पापड, खारातली मिरची, चटणी अशी रांग लागलेली. वर ‘मीठ वाढू का?’ हा आग्रह; संध्याकाळी चिवडा आणि बेकरीची खारी. चमचा केव्हाच ओलांडलेला असतो. फळे आणि भाज्या जरूर खाव्यात. १९९७ साली अमेरिकेतील ‘डॅश’ या चाचणीत फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दूधदुभते यांवर भर देणाऱ्या आहाराने, वाढलेला दाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी अकरांनी उतरला होता. जीवनसत्त्वाच्या गोळीने जे साधले नाही, ते साध्या जेवणाने साधले. त्यात पोटॅशियमचा वाटा मोठा मानतात. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच असा आहार घ्यावा.

दुसरा उपयोग औषधाविषयी आहे. अँजिओटेन्सिन तयार होऊ न देणारी औषधे ब्राझीलमधील एका सापाच्या विषावरील अभ्यासातून निघाली. त्यांतील पहिले १९८१ साली अमेरिकेत मान्य झाले. त्यानंतर अँजिओटेन्सिनला पेशीवर बसूच न देणारी औषधे आली. आपल्या कितीतरी घरांत सकाळच्या चहानंतर घेतली जाणारी गोळी यांपैकीच असते. म्हणजे ज्या साखळीच्या शेवटच्या कडीसाठी लोक महागड्या बाटल्या विकत घेतात, तिची पहिली कडी तोडणारी, पुराव्याने सिद्ध झालेली, स्वस्त गोळी घरात आधीच आहे. आणि आपण ती ‘सवय लागेल’ म्हणून बंद करतो! गोळीची सवय लागत नाही. शरीराला लागलेली असते ती वाढलेल्या दाबाची सवय, आणि ती मोडायला गोळी रोज लागते.

प्रश्न किती मोठा आहे? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार वीस वर्षांवरील सुमारे ३५.५ टक्के भारतीयांचा दाब वाढलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२४ साली जगात असे १४० कोटी लोक होते, आणि त्यांच्यापैकी पाचांत जेमतेम एकाचा दाब आटोक्यात होता. उरलेल्या चौघांना सुपरऑक्साइडवरचे नवे औषध मिळाले नाही, म्हणून ते तसे राहिलेले नाहीत. त्यांतील बहुतेकांचा दाब एकतर कोणी मोजला नाही, किंवा मोजूनही औषध सुरू झाले नाही, किंवा सुरू झालेले औषध सुटले.

कोणी प्राध्यापक बंधू विचारतील, ‘असे असेल तर मेंदूतील मुक्त मूलकांची ही कथा विद्यार्थ्यांना सांगायचीच कशाला? मीठ कमी करा, गोळी घ्या, एवढे सांगा की!’ मला हे पटत नाही. अर्धे ज्ञान जाहिरातींमार्फत घरात आधीच शिरलेले आहे. त्याला उत्तर अज्ञानाने देता येत नाही, पुऱ्या ज्ञानानेच देता येते. ज्याला साखळी पुरी समजली आहे, तोच विकणाऱ्याला विचारू शकतो, ‘हे माणसांवर सिद्ध झाले आहे का? किती माणसांवर? किती वर्षे?’ हे तीन प्रश्न विचारता येणे, याला मी शास्त्रीय शिक्षण म्हणतो, मग पदवी कोणत्याही शाखेची असो.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, एक सूचना. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याच्या जोडीला दाब मोजणे शिकून घ्या. ते अवघड नाही. माणसाला पाच मिनिटे पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून स्वस्थ बसवावे. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, विडी नको. दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीवर. मोजताना बोलायचे नाही. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहून ठेवायचे. आकडा जास्त आला तर आपण डॉक्टर व्हायचे नाही, डॉक्टरांकडे पाठवायचे. ज्या गावात मराठी चालते तेथे मराठीत, जेथे कन्नड चालते तेथे कन्नडमध्ये समजावून सांगायचे, आणि दोन्हीकडे ‘टेन्शन’ हा शब्द टाळायचा. या कामी आपल्या नियतकालिकाचे दोन्ही विभाग एकत्र येऊन एक पानी पत्रक काढू शकतील.

आणि शिबिराची वाट पाहण्याचीही गरज नाही. या सुट्टीत घरी जाल तेव्हा आईवडिलांना, आजीआजोबांना ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगण्याआधी, दाब शेवटचा कधी मोजला होता, एवढे विचारा. गोळी चालू आहे का, तेही पाहा. नसेल, तर बंद कोणी केली आणि कशावरून केली, हेही विचारा.